लेकीच्या अंगावरचं कोड आणि घरातलं पथ्य

वाचकाचं पत्र, थोडक्यात: पुण्यात सिंहगड रोड भागात राहणाऱ्या एका आईचं हे पत्र आहे. मुलगी ८ वर्षांची, तिसरीत शिकते. सहा महिन्यांपूर्वी तिच्या दोन्ही गुडघ्यांवर आणि डाव्या डोळ्याच्या कडेला पांढरे डाग दिसले. त्वचारोगतज्ज्ञांनी कोड, म्हणजेच व्हिटिलिगो, असं निदान करून टॅक्रोलिमसचं मलम लिहून दिलं आणि गरज पडली तर पुढे प्रकाशोपचार करू असं सांगितलं. मलमाच्या खोक्यातलं पत्रक वाचून आईने धसका घेतला आणि ट्यूब तशीच कपाटात राहिली. ‘आधी पथ्य करून बघू, त्याने बिघडणार तर काही नाही,’ असं घरात ठरलं. सासर रत्नागिरीकडचं. मासे आणि दूध एकत्र पोटात गेल्यामुळेच हे झालं, असं सासूबाईंचं ठाम मत. तेव्हापासून मासे, दूध, दही, ताक, लिंबू, चिंच, आमसूल, टोमॅटो सगळं बंद. सासऱ्यांनी तांबट आळीतून तांब्याचा तांब्या आणला, मुलगी दिवसभर त्यातलंच पाणी पिते. शिवाय ऑनलाइन मागवलेल्या जस्त, तांबं आणि जिंको (एका झाडाच्या पानांचा अर्क) असलेल्या गोळ्या, आणि शेजारणीच्या सांगण्यावरून ‘ड’ जीवनसत्त्वाची पुडी. मुलीचं वजन २३ किलोवरून साडेएकवीसवर आलं आहे. मैत्रिणीच्या वाढदिवसाला समोर आलेली वाटी बाजूला सारत तिने विचारलं, ‘मावशी, यात दही आहे का? माझे डाग वाढतील.’ आईचे प्रश्न दोन: नेमका कोणता आहार आणि कोणती सप्लिमेंट्स द्यावीत? आणि मासे खायला घातले ही माझी चूक झाली का?

ताई,

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण तो मनात असताना पुढचं काही नीट वाचलं जाणार नाही. तुमची काहीही चूक झालेली नाही. तुमच्या मुलीच्या ताटात जे पडलं, त्यामुळे हे डाग आलेले नाहीत.

त्वचेला रंग देणाऱ्या पेशी असतात, त्यांना मेलॅनोसाइट म्हणतात. कोडात शरीराची स्वतःची प्रतिकारयंत्रणा या पेशींना परकं समजून मारते. जिथे त्या संपतात, तिथली त्वचा पांढरी पडते. असं का घडतं याची काही मुळं जनुकांत आहेत, पण कोड असलेल्या बहुतेकांच्या घरात आधी कुणालाही ते नसतं. जगभरात साधारण शंभरातल्या एका-दोघांना किंवा त्याहून थोड्या कमी लोकांना ते होतं. त्यात जन्मात मासळीला हात न लावलेल्या घरांतली माणसंही असतात आणि रोज मासे खाणारीही. मासळीबरोबर दूध, लोणी, चीज सर्रास खाणारे कितीतरी देश आहेत, तिथे कोड जास्त आहे असं दिसत नाही. आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांत मासे आणि दूध एकत्र घेणं विरुद्ध आहार मानलं आहे, त्यामुळे सासूबाईंचं मत हवेतून आलेलं नाही. तुमच्या घरात यापुढेही माशाच्या जेवणानंतर दूध प्यायचं नसेल तर खुशाल पिऊ नका. तो घरचा रिवाज म्हणून पाळा. मुलीच्या आजाराचं कारण म्हणून तिच्यासमोर तो पुन्हा उच्चारू नका, एवढंच मागते.

आता तुमचा पहिला प्रश्न. आहाराचा सल्ला देणं हेच माझं काम आहे, आणि म्हणूनच स्पष्ट सांगते, कोड घालवणारा आहार नाही. वाढवणारा पदार्थही आजवर सिद्ध झालेला नाही. तुम्ही विचारलेल्या ‘नेमक्या आहारा’चा तक्ता मी देऊ शकते, पण तो तक्ता एका वाढत्या मुलीचा असेल, डागांचा नसेल.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी परत परत वाचलं: ‘पथ्याने बिघडणार तर काही नाही.’ इथे मला थांबावंसं वाटतं. या वयात मूल वर्षाला साधारण दोन ते तीन किलोंनी वाढतं. तुमच्या मुलीचं वजन सहा महिन्यांत किलोभर वाढायला हवं होतं, ते दीड किलोने उतरलं. म्हणजे बिघडलं आहे. दुसरं बिघडलं ते वाढदिवसाच्या घरी तुमच्या कानावर आलं. आठ वर्षांच्या पोरीने आपल्या आजाराचा हिशोब आपल्या खाण्याशी लावून टाकला आहे. उद्या डाग थोडा पसरला, आणि कोडात तो काहीही न करता पसरू शकतो, तर ती काय समजेल? गुपचूप खाल्लेल्या चिंचेच्या बुटकाची शिक्षा मिळाली, असंच ना? आणि तिसरं, जे डोळ्यांना दिसत नाही: हे सहा महिने उपचाराचे होते. डाग नवे असताना, पसरत असताना उपचार सुरू झाले तर रंग परत येण्याची शक्यता चांगली असते. चेहऱ्यावरचे डाग उपचारांना सगळ्यांत छान दाद देतात. बोटांची टोकं, ओठ, पावलं इथले डाग हट्टी असतात. तुमच्या मुलीचा डोळ्याजवळचा डाग दाद देणाऱ्या जागी आहे. त्यामुळे कपाटातली ती ट्यूब मला सगळ्यांत जास्त अस्वस्थ करते.

पत्रक वाचून भीती वाटणं साहजिक आहे. टॅक्रोलिमस हे स्टेरॉइड नाही, त्याने त्वचा पातळ होत नाही. म्हणून तर डोळ्याजवळच्या नाजूक जागेसाठी डॉक्टर ते निवडतात. पत्रकात कर्करोगाची जी सूचना असते, ती औषध बाजारात आल्यानंतर खबरदारी म्हणून घातली गेली. इसबासाठी हे मलम लावणाऱ्या हजारो मुलांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवून अभ्यास झाले, त्यांत ती भीती खरी ठरलेली नाही. सुरुवातीचे काही दिवस लावल्यावर चुरचुरतं, ते मुलीला आधीच सांगून ठेवा, म्हणजे ती घाबरणार नाही. मात्र ट्यूब सहा महिने पडून आहे, तर जुनीच काढून सुरू करू नका. डॉक्टरांना पुन्हा भेटा, डाग किती बदललेत ते त्यांना बघू दे. मधल्या काळात लावलं नाही हे सरळ सांगा. घाबरून उपचार थांबवलेले आई-बाप त्यांच्याकडे रोज येत असतील.

प्रकाशोपचाराचं नावही तुम्हाला जड वाटलं असावं. त्यात ३११ नॅनोमीटरच्या आसपासचे अतिनील किरण मोजून मापून, डोळ्यांवर गॉगल लावून, आठवड्यातून दोन-तीनदा काही मिनिटं किंवा त्याहून कमी वेळ देतात. खरी अडचण वेळेची आहे: कित्येक महिने, शाळा सांभाळून, न चुकता जावं लागतं. सिंहगड रोडच्या संध्याकाळच्या गर्दीत हे कसं जमवायचं हा प्रश्न मी किरकोळ मानत नाही. ती वेळ आली तर घराच्या जवळचं केंद्र बघा, लांबच्या मोठ्या नावापेक्षा जवळचं आणि नियमित बरं. फरक पडतोय की नाही हे ठरवायला सहा महिने तरी द्यावे लागतात. आधी डागात केसांच्या मुळांशी तपकिरी ठिपके उमटतात, मग ते एकमेकांत मिसळतात. हे माहीत असलं की पहिले दोन महिने धीर सुटत नाही.

आता एकेक पथ्य घेते, कारण अशीच यादी घेऊन बसलेली घरं पुण्यात पुष्कळ आहेत.

आंबट. यामागचा तर्क असा की ‘क’ जीवनसत्त्व रंग बनवणाऱ्या प्रक्रियेला आडवं येतं. चेहरा उजळ करणाऱ्या क्रीममध्ये ते घालतात हे खरं. पण पोह्यांवर पिळलेल्या लिंबामुळे किंवा आमटीतल्या आमसुलामुळे त्वचेतल्या रंगपेशी मरत नाहीत. उलट शाकाहारी जेवणातलं लोह अंगी लागायला तेच लिंबू लागतं. मासे बंद, लिंबूही बंद, मग पालक-मेथीतलं लोह शोषलं जाणार कसं? सोलकढी, चिंचगुळाची आमटी, टोमॅटोचं सार, सगळं परत आणा. पेरू आणि आवळा तर आवर्जून द्या.

दूध-दही. तुमच्या मुलीच्या वयाला दिवसाला साधारण ६५० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. दोन कप दूध किंवा त्याचं दही-ताक यांतून त्यातलं बहुतेक मिळतं. दूध बंद करून ते भरून काढायचं तर नाचणी, तीळ, राजगिरा यांची रोज कसरत करावी लागेल. नाचणीची भाकरी तिला आवडत असेल तर सोन्याहून पिवळं, पण दुधाला शिक्षा म्हणून नको. पांढरे पदार्थ खाल्ल्याने त्वचा पांढरी होते, असंही काही घरांत म्हणतात. नाही होत.

इथे एक गोष्ट नोंदवते, कारण ती कुठल्याही आईच्या उपयोगाची आहे. ‘पांढरे चट्टे म्हणजे कॅल्शियम कमी किंवा पोटात जंत’ असं आपण लहानपणापासून ऐकतो. मुलांच्या गालांवर येणारे फिकट, किंचित खरखरीत चट्टे बहुधा कोरड्या त्वचेचा सौम्य प्रकार असतात. त्यांना पिटिरायसिस अल्बा म्हणतात, आणि त्यांचाही कॅल्शियमशी संबंध नाही. घामाने छाती-पाठीवर येतं ते शिबं हा बुरशीचा प्रकार, तो वेगळाच. कोडाचे डाग खडूसारखे पांढरे, कडा बऱ्याचदा स्पष्ट, वर कोंडा नसतो. काळोख्या खोलीत वुड्स लॅम्प नावाच्या दिव्याखाली ते चमकून उठतात. हे डॉक्टरांनी बघायचं आहे. मेडिकलवाल्याकडून ‘डागांवरची’ म्हणून मिळणारी मिश्र क्रीम मुलांच्या चेहऱ्यावर लावू नका, त्यांत अनेकदा जोरदार स्टेरॉइड असतं.

तांब्या. रंग बनवणाऱ्या एन्झाइमला तांबं लागतं, हे पुस्तकात खरं आहे. म्हणूनच हा उपाय इतका पटतो. पण डागाच्या जागी रंगपेशीच उरलेल्या नाहीत. तांबट आळीत कारागीरच नसेल तर पत्र्याच्या कितीही थप्प्या आणून टाकल्या तरी हंडा घडेल का? रात्री तांब्यात ठेवलेलं साधं पाणी सकाळी पेलाभर प्यायला हरकत नाही, सासऱ्यांचं मनही राखलं जाईल. दिवसभर तेच, आणि वर तांब्याच्या गोळ्या, हे मात्र थांबवा. तांब्याच्या बाटलीत ताक, लिंबू सरबत, कोकम कधीही भरू नका, आंबटात तांबं उतरतं. १९८० च्या दशकात आपल्या पुण्यातल्याच के. ई. एम. रुग्णालयातल्या डॉक्टरांनी लहान बाळांच्या यकृताच्या एका जीवघेण्या आजाराचा माग काढला होता. बाळांना कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यांत तापवलेलं, ठेवलेलं दूध दिलं जात होतं, आणि त्यातून पोटात जाणाऱ्या तांब्याशी त्या आजाराचा संबंध दिसून आला. त्या भांड्यांचा वापर सुटला तसा तो आजारही ओसरला. तुमची लेक तान्ही नाही, तिच्या बाबतीत असं होईल असं मी म्हणत नाही. पण तांबं कितीही चालतं हा समज सोडायला हवा.

आता गोळ्या. जिंकोचे जे अभ्यास आहेत ते छोटे आणि मुख्यतः मोठ्या माणसांवरचे. शिवाय जिंकोने रक्तस्रावाची शक्यता वाढू शकते. तिसरीतल्या मुलीला ते देऊ नका. जस्त दीर्घकाळ जास्त मात्रेत दिलं तर शरीरातलं तांबं कमी होतं, म्हणजे तुम्ही एका हाताने देता ते दुसऱ्या हाताने काढून घेता. ‘इम्युनिटी वाढवणारी’ पावडर कुणी सुचवली तर तीही नको. कोडात प्रतिकारशक्ती कमी पडत नाही, ती चुकीच्या दिशेला चालते.

‘ड’ जीवनसत्त्वाच्या पुडीबद्दल जरा जास्त सांगते, कारण यात धोका आहे. बाजारात मिळणारी पुडी बहुधा ६०,००० युनिटांची असते. ती कमतरता असलेल्यांना, बहुतेक वेळा आठवड्यातून एकदा, ठरावीक आठवडे देतात. मुलांची रोजची गरज ६०० युनिटं आहे. पुडी रोज देण्याची चूक अनेक घरांत होते. तुम्ही किती दिवसांनी देता हे पत्रात नाही. रोज देत असाल तर आजच थांबवा आणि बालरोगतज्ज्ञांना सांगून रक्तातलं कॅल्शियम तपासून घ्या. सतत तहान, उलट्या, बद्धकोष्ठता, भूक मरणं ही ‘ड’ जास्त झाल्याची लक्षणं असतात. तिची भूक मेली असेल तर त्याला कंटाळवाणं पथ्यच कारण आहे असं गृहीत धरू नका.

मग काहीच द्यायचं नाही का? जे कमी आहे ते द्यायचं, तपासून. ब-१२ आणि ‘ड’ दोन्ही आपल्याकडे बऱ्याच मुलांत कमी असतात, कोड असो वा नसो. मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांत गरोदर बायकांचा जो अभ्यास केला, त्यात ब-१२ ची कमतरता मोठ्या प्रमाणावर आढळली. तुम्ही तर सहा महिने मासे आणि दूध, ब-१२ मिळण्याच्या दोन मुख्य वाटा, बंद केल्यात. तेव्हा हिमोग्लोबिन, ब-१२, ‘ड’ आणि थायरॉइडची टीएसएच चाचणी करून घ्या. थायरॉइड अशासाठी, की कोड असलेल्यांत थायरॉइडचा स्वप्रतिकार आजार इतरांपेक्षा जास्त आढळतो. हे सगळं एकाच वेळी रक्त काढून होतं, मुलीला चारदा टोचायला नको.

ब-१२ आणि फॉलिक ॲसिडने कोड बरं होतं, असं तुम्हाला कुणी ना कुणी सांगेल. १९९० च्या दशकात स्वीडनमध्ये या गोळ्या आणि ऊन मिळून अनेकांना फरक पडल्याचा अभ्यास आला होता, पण त्यात तुलनेला दुसरा गट नव्हता. पुढे नेदरलँड्समध्ये प्रकाशोपचार घेणाऱ्यांचे दोन गट केले, एकाला या गोळ्या दिल्या आणि दुसऱ्याला नाही. दोन्ही गटांना आलेल्या गुणात फरक दिसला नाही. म्हणजे ब-१२ कमी असेल तर ते तिच्या रक्तासाठी, मेंदूसाठी जरूर द्या. डागांची आशा त्याच्यावर टांगू नका.

गहू सोडण्याबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण पुढचा सल्ला बहुधा तोच येईल. पोटाच्या तक्रारी असतील, उंची खुंटली असेल, रक्त कमी असेल तर लोक चुकून ‘गव्हाची ॲलर्जी’ म्हणतात त्या सिलिॲक आजाराची तपासणी डॉक्टर सांगतील. ती होईपर्यंत पोळी बंद करू नका, नाहीतर चाचणी फसते.

बावचीचं तेल कुणी आणून दिलं तर त्वचारोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय लावू नका. बावचीत उन्हाला त्वचा हळवी करणारं द्रव्य असतं. लावून पुण्याच्या एप्रिलच्या उन्हात गेलं की फोड येतात, आणि जखमेच्या जागी कोड आणखी पसरू शकतं. पोटात घेतल्यावर यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत. वैद्यांकडे जायचं असेल तर जा, पण दोन्ही डॉक्टरांना एकमेकांची औषधं माहीत असू द्या.

गुडघ्यांचं एक बघा. खरचटणं, घासणं, दाबणं यांनी कोडाला नवी जागा मिळते. खेळणं बंद करू नका, स्केटिंग-सायकलला नी-पॅड घाला. चड्डीचं इलॅस्टिक, सँडलचा पट्टा, दप्तराचा बंद कुठे काचतो का, ते आंघोळीच्या वेळी पाहत जा. डागांना रंगाचं संरक्षण नसतं, दुपारच्या उन्हात ते भाजतात, तेव्हा सनस्क्रीन लावा.

सासूबाईंशी कसं बोलायचं, याचा तुम्हाला धाक आहे असं पत्रावरून जाणवलं. त्यांना खोटं पाडायला जाऊ नका. पुढच्या भेटीला त्यांनाच दवाखान्यात घेऊन जा आणि मासे-दुधाचा प्रश्न त्यांच्या तोंडून डॉक्टरांना विचारू दे. रात्री मलम लावायचं काम त्यांच्याकडे द्या. नातीसाठी काहीतरी करायचं म्हणूनच तर त्या पथ्य सांगत होत्या, आता हातात खरं काम येईल. रविवारी तुमच्या घरी पुन्हा बांगड्याची आमटी शिजू दे, आणि ती आजीनेच नातीच्या ताटात वाढली तर मुलीला वेगळं काही समजवावं लागणार नाही.

मुलीशी बोलताना मात्र स्पष्ट बोला: ‘हे तुझ्या खाण्याने झालेलं नाही. आम्हाला आधी तसं वाटलं होतं, पण तसं नाहीये.’ शाळेत कुणी विचारलं तर म्हणायला एक वाक्य तिच्या ओठांवर असू दे: ‘इथला रंग गेलाय, हात लावून कुणाला होत नाही.’ घरी दोन-चारदा म्हणून घ्या. वर्गशिक्षिकांना आधी भेटून ठेवा, डबा एकत्र खाताना कुणी तिला बाजूला बसवत नाही ना, एवढं त्यांनी बघावं. पुण्यातच डॉ. माया तुळपुळे यांनी सुरू केलेली श्वेता असोसिएशन कोड असलेल्या लोकांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी काम करते. डॉक्टरांकडून घरी आल्यानंतर जे प्रश्न उरतात, लग्नाचे, नातेवाइकांच्या बोलण्याचे, ते अशा ठिकाणी मोकळेपणी बोलता येतात. तुमच्या पत्रात ‘पुढे हिचं कसं होणार’ असं आलं आहे. तो प्रश्न कोड घेऊन शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, संसार करणाऱ्या बायकांनाच विचारा.

या आठवड्यात एवढंच करा: ताट पूर्ववत करा, बालरोगतज्ज्ञांची आणि त्वचारोगतज्ज्ञांची वेळ घ्या, आणि जाताना घरातल्या सगळ्या बाटल्या, पुड्या, गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत घालून घेऊन जा. किती दिली, किती दिवस दिली, ते एका कागदावर लिहा. वजनाची आणि उंचीची नोंद दर महिन्याला ठेवा. डागांचे फोटो रोज काढू नका, महिन्यातून एकदा, त्याच खोलीत, त्याच उजेडात काढा, डॉक्टरांना तुलनेला तेच उपयोगी पडतात.